विंडोज बदलण्याआधी काउंटरवरच्या वायरी मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओत जुन्या मशीनवर नवीन विंडोज कसं टाकायचं ते दाखवलं. वीस मिनिटांत "कसं" तेवढं सांगून झालं. "कधी टाकायचं आणि कधी अजिबात हात लावायचा नाही" हे राहूनच गेलं, आणि दुकानदाराच्या खिशाला तेच जास्त जड जातं. मला ते किती जड गेलं, तिथूनच सुरुवात करते.

माझं दुकान काल्हेरला, ठाणे-भिवंडी रस्त्यावरून थोडं आत, गोडाऊनच्या रांगेत. खोके, टेप, बबल रोल, स्ट्रेच फिल्म असा पॅकिंगचा माल. कशेळीपासून अंजूरफाट्यापर्यंत आणि तिकडे दापोडे-माणकोलीकडे बघाल तिथे गोडाऊनच आहेत, त्यामुळे दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा वर्षाचा सीझन. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. आणि मी, सगळ्यांना "सीझनमध्ये सिस्टीमला हात लावू नका" असं शिकवणारी बाई, १२ तारखेच्या रविवारी दुपारी काउंटरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून मोकळी झाले. कॉम्प्युटर २०१९ चा, आठव्या पिढीचा आय-थ्री, मायक्रोसॉफ्टच्या तपासणीत पास झालेला. दोन तासांत काम झालं. सी ड्राइव्ह भरत आला होता, म्हणून रात्री डिस्क क्लीनअप चालवून "जुनं विंडोज" पण उडवून टाकलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर यायचंय.

सोमवारी साडेनऊला पहिला टेम्पो लागला. स्ट्रेच फिल्म आम्ही किलोवर विकतो. काट्यावर रोल ठेवला की वजन आपोआप बिलात येतं. त्या दिवशी आलंच नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, काट्यावर आकडा दिसतोय, पण कॉम्प्युटरला कळतच नाहीये." ठीक आहे, वजन हाताने टाकलं. मग प्रिंटर. डॉट मॅट्रिक्सने पहिलं बिल नीट छापलं, दुसरं अर्धं खाली सरकलं, तिसऱ्याची रक्कम चौथ्याच्या कागदावर गेली. शेवटी हाताने लिहायचं बिलबुक शोधलं, तर कार्बन वाळलेला.

दुपारपर्यंत पाच गाड्या थांबल्या. मेट्रोच्या कामाने रस्ता आधीच अडलेला, त्यात आमच्या गाड्यांची रांग. एका गोडाऊनचा टेम्पो अडीच तास थांबून रिकामा परत गेला. चार वर्षांचं गिऱ्हाईक, महिन्याला साधारण चाळीस हजारांचा माल उचलणारं. त्यांनी त्या दिवशी दुसरीकडून घेतलं, आणि त्या दुसऱ्याचा दरही बरा निघाला. अजून परत आलेले नाहीत.

आता डिस्क क्लीनअपची गोष्ट. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर दहा दिवस मागे फिरायची सोय असते. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथे "गो बॅक" हे बटण. जुनं विंडोज एका वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवलेलं असतं म्हणून ते जमतं. मी तोच फोल्डर साफ केला होता. म्हणजे परतीच्या तिकिटाचे तुकडे करून मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकले. तेव्हा दहा दिवस त्या फोल्डरला हात लावू नका, जागा कितीही कमी असली तरी.

बिघडलं काय होतं ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे हेच बिघडणार आहे.

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला मागे नऊ पिनांचं सॉकेट असतं, आरएस-२३२ म्हणतात ते. नवीन कॉम्प्युटरला तसं सॉकेट सहसा नसतं, म्हणून मध्ये यूएसबीवाली कन्व्हर्टर केबल लावतो. या केबलच्या प्लगमध्ये एक छोटी चिप असते. बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये बहुतेक वेळा पीएल-२३०३ जातीची चिप असते, प्रोलिफिक नावाच्या तैवानच्या कंपनीची, किंवा तिची नक्कल. नकला इतक्या झाल्या की कंपनीने नवीन ड्रायव्हरमध्ये जुनी आणि नकली चिप ओळखून नाकारायची सोय केली. विंडोज १० वर माझी केबल जुन्या ड्रायव्हरवर निमूट चालत होती. ११ ने स्वतःहून नवीन ड्रायव्हर बसवला आणि केबल बाद. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर केबलच्या नावाच्या जागी चक्क लिहिलेलं की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. काटा ठणठणीत, कॉम्प्युटर ठणठणीत, आणि मधली केबल म्हणतेय मी नाही बोलणार!

डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर निवडून ही केबल चालू करता येते. "अपडेट ड्रायव्हर", मग "माझ्या कॉम्प्युटरवर शोधा", मग यादीतून जुनी आवृत्ती. मी केलं, मंगळवारी चालली. बुधवारी सकाळी विंडोज अपडेटने परत नवीन ड्रायव्हर आणून बसवला आणि पुन्हा तेच. मग पोराला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला पाठवलं आणि एफटीडीआय चिपची केबल आणवली, ९०० रुपयांना. केबल घेताना "चिप कुठली?" हे विचाराच, आणि एकदम स्वस्त मिळाली तर शंका घ्या. एफटीडीआयच्याही नकला आहेत. २०१४ मध्ये त्या कंपनीच्या एका ड्रायव्हरने नकली चिपा पार निकामी करून टाकल्या होत्या आणि त्यावरून जगभर आरडाओरडा झाला होता.

नवीन केबल लावल्यावरही वजन आलं नाही, कारण आता तिला पोर्ट नंबर मिळाला कॉम ५, आणि बिलिंग सॉफ्टवेअर अजून कॉम ३ वर कान लावून बसलेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर डबल क्लिक, पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलता येतो. वेग पण जुळवावा लागतो. माझ्या काट्याचा ९६०० आहे. तुमच्या काट्याचा त्याच्या पुस्तिकेत असेल. आणि एक कळकळीची विनंती: कॉम्प्युटरला जोडायच्या नादात काटा उघडू नका. त्यावर वैधमापन विभागाचं सील असतं. ते तुटलं की दुरुस्ती परवानाधारक माणसाकडूनच आणि स्टॅम्पिंग पुन्हा. बदलायचं ते केबलच्या बाजूने बदला.

प्रिंटरचं दुखणं त्या मानाने साधं होतं, पण सापडायला दिवस गेला. आमची बिलं अर्ध्या उंचीच्या सलग कागदावर असतात. तो माप मी कधीतरी विंडोजमध्ये हाताने बनवून ठेवलेला. नवीन विंडोजमध्ये तो गायब, आणि प्रिंटर प्रत्येक पान पूर्ण उंचीचं समजून कागद पुढे सरकवत होता. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये "फॉर्म्स" असतं, तिथे माप पुन्हा बनवलं आणि सुरळीत झालं. तुमचा माप आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

काही जण विचारतील, ताई, डॉट मॅट्रिक्स अजून कशाला? काल्हेरला येऊन बघा. ट्रान्सपोर्टची बिल्टी एका फटक्यात तीन-चार प्रतींत लागते: माल पाठवणाऱ्याची, घेणाऱ्याची, ड्रायव्हरची, ऑफिसची. डॉट मॅट्रिक्सची पिन कागदावर आपटते म्हणून कार्बनखालच्या प्रतीही उमटतात. लेझर आणि इंकजेट कागदावर आपटतच नाहीत. त्यामुळे तो कर्रकर्र आवाज इथून इतक्यात जाणार नाही.

आता वही घ्या.

आपल्याला सवय असते आधी कॉम्प्युटर बघायची. विंडोज ११ बसेल का? रॅम किती? उलट करा. आधी काउंटरच्या मागे वाका आणि कॉम्प्युटरला लागलेल्या वायरी मोजा. प्रत्येक वायरीच्या टोकाला काय आहे, कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, ते लिहा. काटा, बिल प्रिंटर, ए-फोर प्रिंटर, बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, सॉफ्टवेअरचं डोंगल. मग प्रत्येकासमोर तीन गोष्टी: विंडोज ११ चा ६४-बिट ड्रायव्हर आहे का, त्याची फाइल माझ्याकडे आहे का, आणि हे एक दिवस बंद पडलं तर काम कसं चालेल. तिसऱ्या रकान्यात "चालणारच नाही" असं आलं, की ते यंत्र ठरवणार विंडोज कधी बदलायचं. कॉम्प्युटरने नाही ठरवायचं.

बारकोड स्कॅनर बहुतेक वेळा बिनघोर असतो, कारण कॉम्प्युटर त्याला कीबोर्डच समजतो. जुन्या लेझर प्रिंटरकडे मात्र लक्ष द्या. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे आपल्याकडच्या दुकानांत, झेरॉक्सवाल्यांकडे हमखास दिसतात. या प्रिंटरमध्ये स्वतःची अक्कल फार कमी. पान कसं दिसेल ते सगळं कॉम्प्युटर तयार करतो, प्रिंटर नुसता छापतो. त्यामुळे ड्रायव्हर नसला की ते नुसतं खोकं. २९०० साठी कॅननचा ६४-बिट ड्रायव्हर आहे, पण तो वेगळा उतरवावा लागतो. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय की विंडोज अपडेटमधून प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर पुरवणं हळूहळू थांबवणार. म्हणून कंपनीच्या साइटवरून फाइल आजच घ्या आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. त्या पेनड्राइव्हवर दुसरं काहीही नको, लग्नाचे फोटो तर नकोच.

डोंगलवाल्यांना वेगळं सांगते. भिवंडीत पत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले कितीतरी जण अजून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी वापरतात, आणि जुन्या आवृत्तीबरोबर हार्डवेअर लॉक यायचं. ते लॉक नवीन विंडोजला ओळखता आलं नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि वीस वर्षांच्या पत्रिकांची मॅटर्स आतच अडकून पडतात. आधी कंपनीला फोन करून लॉकचा नवीन ड्रायव्हर किंवा नवी आवृत्ती विचारा, मगच पुढे जा. कधीकधी असंही होतं की ड्रायव्हर बसतो, पण विंडोज ११ मधलं "मेमरी इंटिग्रिटी" नावाचं संरक्षण त्याला चालू देत नाही. ते बंद करता येतं. पण ज्या मशीनवर नेटबँकिंग आहे तिथे मी बंद करणार नाही, तुम्हीही करू नका.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. (आपण डब्यालाच सीपीयू म्हणतो, खरा सीपीयू आतली चिप.) विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडी असेल तर रायझन २००० किंवा पुढची, सोबत ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.०. चार जीबी हा कागदावरचा आकडा झाला. आठ जीबी आणि एसएसडी असल्याशिवाय काउंटरवर बसवू नका, गिऱ्हाईक समोर उभं असताना चक्र फिरत राहतं. "टीपीएम नाही" असा निरोप आला म्हणून लगेच नवीन मशीन घेऊ नका. बऱ्याचदा ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. चालू केलं की झालं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका ताईंना दुकानदाराने याच कारणावरून नवीन सेट घ्यायला सांगितला होता. तिची पापडाची ऑर्डर होती म्हणून पैसे द्यायचे राहिले, तेवढ्यात वाचली.

चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, व्हिडिओत मी एक दाखवली पण. घरच्या कॉम्प्युटरवर खुशाल करा. काउंटरवर मला तो खेळ पसंत नाही. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि अपडेटसाठीच तर आपण हा सगळा खटाटोप करतोय. २०२४ च्या आवृत्तीत तर फारच जुन्या प्रोसेसरना थेट दार बंद झालं.

मग जुन्या मशीनचं करायचं काय? राहनाळला ओळखीचे एक ट्रान्सपोर्टवाले काका आहेत. त्यांचा कॉम्प्युटर २०११ चा, ३२-बिट विंडोज ७, आणि बिल्टीचा प्रोग्रॅम डॉसमधल्या फॉक्सप्रोवर बनवलेला. बनवणारा माणूस केव्हाच गाव सोडून गेलाय. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, आणि ६४-बिट विंडोजवर जुने डॉस प्रोग्रॅम सरळ चालत नाहीत. भाचा म्हणत होता फॉरमॅट करून नवीन टाकू. मी म्हटलं, "काका, हात लावू नका, फक्त इंटरनेटची वायर काढा."

आता तिथे दोन मशीन आहेत. जुनं बिल्टी छापतं आणि दुसरं काही करत नाही. इंटरनेट नाही, मोबाईल चार्जिंगला लावायचा नाही. दुसरं एक रिफर्बिश्ड, आठव्या पिढीचं, १५,५०० ला घेतलेलं. त्यावर ई-वे बिल, जीएसटी, बँक, मेल. जुन्या मशीनची हार्ड डिस्क जशीच्या तशी एका एसएसडीवर उतरवून ठेवली, मदरबोर्डवरचा बटणसेल बदलला आणि एक जादा पॉवर सप्लाय कपाटात ठेवला. इतकं केल्यावर ते मशीन अजून दोन-तीन वर्षं ओढेल अशी माझी अपेक्षा आहे. तोपर्यंत व्हीडॉस नावाच्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या बिल्टीची एक कॉपी नवीन मशीनवर चालवून बघतोय. अस्सल डेटावर नाही, कॉपीवर.

इंटरनेटची वायर काढायचा एवढा आग्रह का? जून २०१७ आठवा. नोटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचला. आपल्या न्हावाशेवाला जेएनपीटीमध्ये त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलची सिस्टीम बंद पडली, कंटेनरचं काम रखडलं. हा व्हायरस नेटवर्कमध्ये पसरायला विंडोजमधली जी भोकं वापरायचा, त्यातल्या मोठ्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. न्हावाशेवाचा माल आपल्याच गोडाऊनमध्ये येतो. सपोर्ट संपलेलं विंडोज नेटला जोडून ठेवणं म्हणजे अशा दुरुस्त्या येणं कायमचं बंद करणं.

ज्यांना आत्ता काहीच जमणार नाही त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे. वैयक्तिक वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देतंय. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे नाहीत, नाहीतर ३० डॉलर. व्यवसायासाठीची योजना वेगळी, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. एक-दोन मशीन असतील तर त्या पैशात दुसरं काय येतं ते आधी बघा. नुसतं ब्राउझर आणि मेलपुरतं मशीन असेल तर लिनक्स मिंटही छान चालतं, पण टॅली, काटा, बिलिंग असलं काही असेल तर त्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

आता हिशोब. बीबीएला आम्हाला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवली होती. परीक्षेपुरती व्याख्या पाठ केली आणि सोडून दिली. दिवाळीत ती दारात टेम्पो घेऊन आली. गेलेलं गिऱ्हाईक महिन्याला ४०,००० चं, माझा त्यात सुटणारा नफा साधारण १२ टक्के, म्हणजे महिन्याला ४,८०० आणि वर्षाला ५७,६००. समोर काय होतं? ९०० ची केबल आणि एका रविवारऐवजी दुसरा रविवार. लोक मला विचारतात नवीन प्रिंटर घेऊ का, जुनाच चालवू का. मी विचारते, हा प्रिंटर बंद पडला तर दिवसाला किती बुडतील? दिवसाला पाचशे बुडणार असतील तर जुनाच चालवा, मजेत. पाच हजार बुडणार असतील तर जुना चालत असतानाच दुसरा आणून शेजारी ठेवा.

आणि मुहूर्त. महिनाअखेर नको, जीएसटी रिटर्नचा आठवडा नको, सणाआधीचे तीन आठवडे नकोत. पितृपक्षात आमच्याकडे गिऱ्हाईक कमी असतं, मला तोच काळ सोयीचा. तुमचा मंदीचा आठवडा तुम्हाला माहीत असेलच. शक्य असेल तर आधी घरच्या किंवा मित्राच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला तुमचा काटा आणि प्रिंटर जोडून बघा. ही चाचणी फुकट आहे, एका तासाची आहे, आणि मी ती केली असती तर पीएल-२३०३ ने मला शनिवारीच आपलं खरं रूप दाखवलं असतं. त्यानंतर डेटाचा बॅकअप, तोही उघडून बघितलेला, आणि ड्रॉवरमध्ये ताज्या कार्बनचं बिलबुक.

पुढच्या शुक्रवारच्या व्हिडिओत कॉम पोर्टचा नंबर बदलणं आणि कागदाचं माप बनवणं हे दोन्ही माझ्याच काउंटरवर, खऱ्या काट्यावर करून दाखवते. तोपर्यंत वायरींची यादी करून ठेवा. मॉडेल नंबर सहसा यंत्राच्या खालच्या स्टिकरवर असतो, आणि काट्याच्या बाबतीत तो स्टिकर धुळीखाली असतो, तेव्हा फडकं घेऊनच बसा.